सुई आडवी कां वळली?

शास्त्रांच्या इतिहासांत कांहीं प्रसंग असे आहेत कीं, ते एका वाक्यांत सांगून टाकण्याची शिक्षकांना व ग्रंथकारांना फार दिवसांची संवय लागून राहिली आहे. न्यूटनपुढें सफरचंद पडलें आणि गुरुत्वाकर्षण सांपडलें. गॅलव्हानीच्या टेबलावर बेडकाचा पाय झटकला आणि विजेचा प्रवाह सांपडला. त्याच मालिकेंतलें तिसरें वाक्य म्हणजे, कोपनहेगनचा प्राध्यापक एर्स्टेड व्याख्यान देत असतां तारेजवळ सहज राहिलेली होकायंत्राची सुई हलली, आणि वीज व लोहचुंबक यांचें नातें सांपडलें. अशीं वाक्यें पाठ करावयास सोपीं असतात, आणि तीं ऐकून मनाला एक प्रकारचें आळशी समाधानही वाटतें. कारण मोठे शोध जर असे आपोआप घडत असतील, तर ते आपल्या हातून घडले नाहींत याचा बोल आपल्याला न लागतां नशिबाला लागतो. परंतु एर्स्टेडच्या सुईची खरी हकीकत पाहूं लागलें म्हणजे हें समाधान टिकत नाहीं. ती सुई हलली यांत फारसें नवल नव्हतें. ती आडवी हलली हें नवल होतें. आणि तिचें तें आडवेपण जसेंच्या तसें मान्य करावयास यूरोपांतील मोठमोठ्या पंडितांना किती सायास पडले, हें त्याहूनही मोठें नवल आहे. हीच हकीकत आज वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

वीज आणि लोहचुंबक यांचा कांहीं तरी संबंध असावा, ही शंका एर्स्टेडपूर्वीं कोणाला आलीच नव्हती असें नाहीं. इंग्लंडांतील वेकफील्ड गांवीं १७३१ सालीं एका व्यापाऱ्याच्या घरावर वीज पडली, तेव्हां पेटींत ठेवलेल्या सुऱ्या व कांटे यांना चुंबकाचा गुण आलेला दिसला. पुढें बेंजामिन फ्रँकलिननें विजेनें भरलेल्या कांचेच्या बरण्या सुयांमधून एकदम मोकळ्या करून त्या चुंबकित केल्या. परंतु आकाशांतली काय किंवा बरणींतली काय, ही वीज क्षणार्धांत येऊन जाणारी. तिच्यापाशीं सुई धरून निवांतपणें पाहत बसण्याची सोय नव्हती. ती सोय व्होल्टानें करून दिली. इ. स. १८०० च्या मार्च महिन्यांत त्यानें लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पत्र पाठवून आपल्या घटमालेची रचना कळविली. जस्त आणि रुपें यांच्या चकत्या, मध्यें खाऱ्या पाण्यांत भिजविलेले तुकडे, आणि दोन टोकांस दोन तारा. एवढ्या सामानांतून विजेचा अखंड प्रवाह मिळूं लागला. त्या दिवसापासून यूरोपांतील प्रत्येक प्रयोगशाळेंत प्रवाह वाहणारी तार होती, आणि होकायंत्र तर खलाशापाशींही होतें. दोन्ही वस्तु शेजारीं शेजारीं होत्या. तरीही वीस वर्षें गेलीं!

या वीस वर्षांत कोणी खटपट केली नाहीं म्हणावें, तर तेंही खरें नाहीं. इटलींतील ट्रेंटो येथील कायदेपंडित रोमान्योसी यानें १८०२ सालीं घटमालेमुळें सुई हलल्याची बातमी एका वर्तमानपत्रांत छापविली होती. पण त्याच्या वर्णनांत प्रवाह सगळें मंडल पुरें करून वाहत होता असें दिसत नाहीं, आणि म्हणून तो खरा प्रयोग मानला जात नाहीं. पॅरिसच्या आशेत व देझोर्म या दोघांनीं १८०५ मध्यें घटमालाच पाण्यावर तरंगत ठेवून ती होकायंत्राप्रमाणें उत्तरदक्षिण वळते काय तें पाहिलें. ती वळली नाहीं. वळणारही नव्हती, कारण तिचीं दोन टोकें तारेनें जोडलेलीं नव्हतीं. साठविलेली वीज आणि वाहणारी वीज यांतील भेद तोंपर्यंत पुरता ध्यानांत आलेला नव्हता. चुंबकाचा गुण प्रवाहाच्या वाहण्यांत आहे, घटमालेच्या असण्यांत नाहीं, ही पहिली कल्पनाच हातीं आलेली नव्हती.

याहून मोठा अडथळा मनाचा होता. कुलोम या फ्रेंच शास्त्रज्ञानें १७८५ पासून आपल्या नाजूक पिळकाट्यानें विजेचीं व चुंबकाचीं आकर्षणें मोजलीं, आणि हीं दोन सर्वस्वीं भिन्न द्रव्यें आहेत, तीं एकमेकांवर कांहीं एक परिणाम करूं शकत नाहींत, असें प्रतिपादन केलें. मोजणारा हात इतका विश्वासाचा होता कीं, त्याच्या मतावरही तोच विश्वास बसला. पॅरिसच्या विद्वानांनीं हा प्रयोग इतकीं वर्षें कां केला नाहीं, याचें कारण आंपेरनें पुढें एका पत्रांत हेंच सांगितलें आहे. शिवाय न्यूटनपासून सर्वांच्या डोळ्यांपुढें एकच चित्र होतें: दोन वस्तु, त्यांना जोडणारी सरळ रेषा, आणि त्या रेषेवरून होणारें आकर्षण किंवा प्रतिसारण. सूर्य पृथ्वीला ओढतो तो सरळ; विजेचा गोळा दुसऱ्या गोळ्याला ढकलतो तो सरळ. तेव्हां तारेनें सुईला कांहीं करावयाचेंच असेल तर ती तिला आपल्याकडे ओढील किंवा दूर सारील, हीच सर्वांची अपेक्षा. अशा अपेक्षेनें जो कोणी तार सुईच्या वर तिच्याशीं काटकोनांत धरील, त्याला बहुधा सुई जागच्या जागीं स्वस्थ दिसेल. निसर्गानें उत्तर दिलें नाहीं असें नाहीं. प्रश्नच अशा रीतीनें विचारला गेला कीं, उत्तर ऐकूं येऊं नये.

आतां एर्स्टेडकडे वळूं. हान्स क्रिश्चन एर्स्टेड हा १७७७ सालीं डेन्मार्कांतील लांगेलांड बेटावर एका औषधविक्याच्या घरीं जन्मला. गांवांत चांगली शाळा नव्हती. तो आणि त्याचा धाकटा भाऊ एका जर्मन टोपकेस करणाऱ्या कारागिराच्या घरीं अक्षरें शिकले. त्यांतला एक जगाला ठाऊक असलेला शास्त्रज्ञ झाला आणि दुसरा पुढें डेन्मार्कचा मुख्य प्रधान झाला. एर्स्टेडचें मन तत्त्वज्ञानावर पोसलेलें होतें. त्याचा पदवीचा प्रबंध कांटच्या विचारावर होता, आणि सृष्टींतल्या निरनिराळ्या शक्ति हीं एकाच मूळ शक्तीचीं रूपें आहेत, अशी त्याची जर्मन विचारवंतांच्या सहवासांत श्रद्धा बनली होती. या श्रद्धेनें त्याला एकदा चांगलें तोंडघशीं पाडलें होतें. तरुणपणीं रिटर नांवाच्या आपल्या जर्मन मित्राच्या एका दाव्याची त्यानें पॅरिसच्या विद्वानांपुढें वकिली केली. पृथ्वीला जसे चुंबकाचे तसे विजेचेही ध्रुव आहेत, असा तो दावा होता. आणि प्रयोगांत तो टिकला नाहीं. पॅरिसकरांनीं एर्स्टेडची गणना स्वप्नाळूंत करून टाकली.

तथापि अपमानानें त्याची श्रद्धा गेली नाहीं. ती अधिक सावध मात्र झाली. १८१२ सालीं छापलेल्या आपल्या ग्रंथांत त्यानें स्पष्ट लिहिलें होतें कीं, विजेचा चुंबकावर कांहीं परिणाम होतो किंवा कसें, हें प्रयोगानें पाहिलें पाहिजे. म्हणजे ज्या सुईच्या हलण्याला लोक योगायोग म्हणतात, तिची हा मनुष्य आठ वर्षें वाट पाहत होता. १८२० च्या वसंतऋतूंत एका व्याख्यानाच्या वेळीं त्यानें प्लॅटिनमच्या बारीक तारेंतून प्रवाह सोडला. खालीं कांचेनें झांकलेलें होकायंत्र होतें. सुई हलली, पण फार थोडी आणि अनियमितपणें; श्रोत्यांवर तिची कांहींच छाप पडली नाहीं. एर्स्टेडनेंही लगेच डांगोरा पिटला नाहीं. सुमारें तीन महिन्यांनीं त्यानें तांब्याच्या वीस मोठ्या पात्रांची जोरदार घटमाला सिद्ध केली, जाणते साक्षीदार बोलावले आणि प्रयोगांवर प्रयोग केले. २१ जुलै १८२० रोजीं त्यानें चार पानांची एक लॅटिन पत्रिका छापून यूरोपभर धाडली. तो सर्व योगायोग होता, ही कथा पुढें पुष्कळ पसरली. हान्स्टेन नांवाच्या नॉर्वेच्या शास्त्रज्ञानें १८५७ सालीं, म्हणजे ३७ वर्षांनीं, फॅराडेला लिहिलेल्या पत्रांत ती सांगितली, आणि तिला बळकटी आली. उलट पाश्चरनें १८५४ सालीं लील येथील भाषणांत योगायोगाचें दान तयार मनाच्याच पदरीं पडतें, हें सांगतांना उदाहरण घेतलें तें एर्स्टेडचेंच.

त्या चार पानांत काय होतें? सुई स्वभावतः उत्तरदक्षिण उभी असते. तार तिच्याच दिशेंत, तिच्या वर, पाऊण इंचाच्या आंत धरली तर सुई सुमारें ४५ अंश एका बाजूस वळते. तीच तार सुईच्या खालीं नेली तर सुई उलट बाजूस वळते. तार सुईच्या शेजारीं, तिच्याच पातळींत धरली तर सुई डावीउजवीकडे न वळतां तिचें एक टोक वर उचललें जातें आणि दुसरें खालीं दबतें. तार सोन्याची असो, रुप्याची असो, पितळेची असो कीं लोखंडाची, मध्यें कांच, लांकूड, पाणी किंवा दगड असो, परिणाम तोच. सुई मात्र चुंबकाचीच पाहिजे. पितळेची किंवा लाखेची सुई हलत नाहीं. आतां ज्या प्रेरणेनें सुई वरून एकीकडे, खालून दुसरीकडे आणि बाजूनें वरखालीं वळते, ती प्रेरणा सरळ रेषेंत कशी मावणार? एर्स्टेडनें निष्कर्ष काढला कीं, तारेभोंवतीं ही क्रिया वर्तुळाकार चालते. आमच्या वाचकांना हें चित्र समजावयास कठीण नाहीं. सुईचें टोक देवाकडे धांवत जाणाऱ्या भक्तासारखें नाहीं, कीं भिऊन दूर पळणाऱ्यासारखेंही नाहीं; तें गाभाऱ्याभोंवतीं प्रदक्षिणा घालूं पाहतें. तार हा गाभारा; आणि प्रवाहाची दिशा उलटली कीं प्रदक्षिणाही उलटी.

ही पत्रिका पॅरिसला पोंचली तेव्हां तिचें स्वागत थंडपणानें झालें. हें आणखी एक जर्मन स्वप्न असावें अशी तेथील समजूत. परंतु आरागो हा शास्त्रज्ञ त्या ऑगस्टांत जिनीव्हा येथें होता, आणि तेथें द ला रीव्हनें केलेला हा प्रयोग त्यानें डोळ्यांनीं पाहिला. ४ सप्टेंबरला त्यानें पॅरिसच्या अकादमींत हकीकत सांगितली, ११ सप्टेंबरला प्रयोग करून दाखविला. आणि श्रोत्यांत बसलेला आंद्रे-मारी आंपेर हा पंचेचाळीस वर्षांचा गणिताचा प्राध्यापक जणूं झोपेंतून जागा झाला. या गृहस्थाच्या वांट्याला दुःख कमी आलें नव्हतें. राज्यक्रांतीच्या धुमाळींत १७९३ सालीं त्याच्या वडिलांचा शिरच्छेद झाला. १८०३ सालीं तरुण पत्नी वारली. विजेवर त्यानें आजवर कांहींच काम केलें नव्हतें. १८ सप्टेंबरला, म्हणजे अवघ्या सात दिवसांनीं, त्यानें आपला पहिला निबंध अकादमीपुढें वाचला. आणि पुढच्या आठवड्यांत एक अशी गोष्ट दाखविली कीं, तिच्यांत चुंबकाला जागाच नव्हती. दोन तारा समांतर ठेवून त्यांतून एकाच दिशेनें प्रवाह सोडले तर त्या एकमेकींना ओढतात. उलट दिशांनीं सोडले तर दूर सारतात. सुई नाहीं, लोखंड नाहीं. केवळ तांब्याच्या दोन तारा, आणि तरी चुंबकाचा खेळ.

सुई कोणत्या बाजूस वळेल हें लक्षांत राहावें म्हणून आंपेरनें एक गमतीदार युक्ति काढली. तारेवरून एक मनुष्य पोहत चालला आहे अशी कल्पना करा. प्रवाह त्याच्या पायांतून शिरून डोक्यांतून बाहेर पडतो, आणि त्याचें तोंड सुईकडे आहे. सुईचें उत्तर टोक त्याच्या डाव्या हाताकडे वळेल. पुढें शाळांतून उजव्या हाताच्या आंगठ्याचा नियम रूढ झाला. पण हा पोहणारा मनुष्य अधिक जिवंत आहे असें आमचें मत आहे.

मग आंपेरनें तारच वळविली. सरळ तारेचें वेटोळें केलें आणि वेटोळ्यावर वेटोळें घालून तिची नळी बनविली, तर ती नळी हुबेहूब चुंबकाच्या कांडीसारखी वागते. तिला उत्तर टोक असतें, दक्षिण टोक असतें. हिला पुढें त्यानें नळीचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून ‘सॉलेनॉइड’ हें नांव दिलें. वेटोळ्याचा गुण कशांत आहे तें थोडक्यांत सांगतां येईल. सरळ तारेचा जो भाग सुईजवळ असतो तोच तिच्यावर जोर करतो. दूरचे भाग नांवापुरते. परंतु तीच तार सुईभोंवतीं गोल वळविली म्हणजे तिचा प्रत्येक तुकडा सुईपासून सारख्याच अंतरावर येतो, आणि चोहोंकडून सगळे तुकडे सुईला एकाच बाजूस रेटतात. हिशेबच करावयाचा तर असा: एक अँपियरचा प्रवाह वाहणाऱ्या लांब सरळ तारेपासून एक सेंटिमीटरवर जो जोर मिळतो, तो आपल्या कोंकणपट्टींत सुईला उत्तरेकडे ठेवणाऱ्या पृथ्वीच्या जोराच्या निम्म्याहून किंचित् अधिक भरतो, आणि सुई सुमारें २८ अंश वळते. त्याच प्रवाहाचें एक सेंटिमीटर त्रिज्येचें एकच वेटोळें केलें तर त्याच्या मध्यावर तो जोर ३.१४ पट, म्हणजे वर्तुळाच्या परिघाचें व्यासाशीं जें प्रमाण नेमक्या तितक्या पट होतो, आणि सुई सुमारें ५९ अंश वळते. वेटोळीं दहा केलीं तर दसपट. हाले येथील श्वायगर यानें १८२० च्या सप्टेंबरांतच सुईभोंवतीं तारेचे अनेक वेढे देऊन हा गुणाकार करून दाखविला. विजेचा अत्यंत क्षीण प्रवाह ओळखणारीं यंत्रें त्यांतूनच निघालीं. सुई हें आतां विजेचें माप झालें.

आंपेरनें येथून एक झेप घेतली. तारेचें वेटोळें जर चुंबकासारखें वागतें, तर चुंबक म्हणजे तरी वेटोळ्यांहून वेगळें काय असावें? आपला मित्र फ्रेनेल याच्या सूचनेवरून त्यानें असें मानलें कीं, लोखंडाच्या प्रत्येक कणाभोंवतीं विजेचा एक चिमुकला प्रवाह सदैव फिरत असतो. एरवीं ते अस्ताव्यस्त असतात, चुंबकांत ते एका दिशेनें लागलेले असतात. चुंबक हें निराळें द्रव्यच राहिलें नाहीं. कुलोमची भिंत मुळापासून ढासळली. अणूंतील विद्युत्कणांच्या फिरण्याविषयीं विसाव्या शतकांत जें कळलें, त्याची ही शंभर वर्षें आधींची चाहूल होती, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

परंतु भिंत पाडणाऱ्या आंपेरलाही सरळ रेषा सोडवली नाहीं. प्रवाहाच्या दोन अत्यल्प तुकड्यांत जी प्रेरणा असेल ती त्यांना जोडणाऱ्या सरळ रेषेवरच असली पाहिजे, हें गृहीत धरून त्यानें आपलें गणित रचलें. वर्तुळ हा त्याच्या लेखीं देखावा, आणि सरळ रेषा हें सत्य. दुसरीकडे बियो व साव्हार यांनीं ३० ऑक्टोबर १८२० रोजीं आपले आंकडे मांडले. पृथ्वीचा परिणाम शेजारीं चुंबक ठेवून नाहींसा करावा, सुई उभ्या तारेजवळ टांगून तिचे झोके मोजावे, आणि झोक्यांच्या वेगावरून जोर काढावा, ही त्यांची रीत. लांब सरळ तारेचा जोर अंतराच्या व्यस्त प्रमाणांत कमी होतो, अंतर दुप्पट तर जोर निम्मा, हें त्यांनीं ठरविलें. आणि तारेच्या एकेका तुकड्याचा जोर मात्र अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणांत असला पाहिजे, हें लाप्लासनें त्यावरून दाखविलें. आजही वेटोळ्याचा हिशेब आमचे विद्यार्थी ह्याच नियमानें करतात. पण बियोचें मत आंपेरच्या अगदीं विरुद्ध: चुंबक हेंच मूळ, तारेंतील प्रवाह तिला क्षणभर चुंबकाचा गुण देतो. दोघांचा वाद वर्षानुवर्षें चालला. विरोध इतका, आणि तरी तारेचें मंडल पुरें असलें म्हणजे दोघांच्याही रीतीनें उत्तर एकच येतें! निसर्गांत प्रवाह मंडल पुरें केल्यावांचून अखंड वाहत नाहीं. मग तुकड्यांत काय चालतें हें विचारणार कोणाला?

आंपेरच्या १८२६ च्या मोठ्या ग्रंथाचें नांवच असें आहे कीं, हा सिद्धांत केवळ प्रयोगांवरून काढला आहे असा वाचकाचा समज व्हावा. तथापि त्यांत वर्णिलेलीं कांहीं यंत्रें अद्याप बनविलेलीं नाहींत, अशी प्रामाणिक कबुली त्यानें स्वतःच ग्रंथाच्या अखेरीस दिली आहे. मॅक्सवेलनें आंपेरला विजेच्या शास्त्रांतला न्यूटन म्हणून गौरविलें, आणि त्याच ठिकाणीं, ज्या वाटेनें हा शोध लागला ती वाट आंपेरनें दाखविलेलीच असेल याविषयीं शंकाही प्रकट केली. इमारत उभी राहिली, आणि परांची काढून टाकली गेली.

ज्यानें वर्तुळाला वर्तुळ म्हणून स्वीकारलें तो मनुष्य यांपैकीं कोणत्याच विद्यापीठांतला नव्हता. मायकेल फॅराडे हा लोहाराचा मुलगा. पुस्तकें बांधणाऱ्याच्या दुकानांत उमेदवारी करतां करतां तीं पुस्तकें वाचून शिकलेला. १८१३ पासून लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें डेव्हीचा मदतनीस. गणित त्याला येत नव्हतें, आणि आंपेरला लिहिलेल्या पत्रांतून तो तें मोकळेपणानें सांगतो. १८२१ सालीं एका मासिकासाठीं या नव्या शोधांचा इतिहास लिहिण्याचें काम त्यानें पत्करलें, आणि वाचलेला प्रत्येक प्रयोग स्वतः करून पाहण्याचा नेम धरला. सुई तारेभोंवतीं हळूहळू फिरवितांना त्याला दिसलें कीं, चुंबकाचें एकच टोक मोकळें सांपडलें तर तें तारेभोंवतीं फिरतच राहील. सप्टेंबरच्या आरंभीं त्यानें भांड्यांत पारा घेतला, त्यांत चुंबक उभा केला, वरून सैल टांगलेल्या तारेचें टोक पाऱ्यांत बुडविलें आणि प्रवाह सोडला. तार चुंबकाभोंवतीं गरगर फिरूं लागली. आज घरोघर फिरणाऱ्या विजेच्या पंख्याचा हा पहिला पूर्वज.

या यशाची किंमत त्याला द्यावी लागली. तारेनें स्वतःभोंवतीं फिरावें अशी कल्पना वुलस्टन या मान्यवर शास्त्रज्ञाची होती, आणि त्यानें डेव्हीबरोबर तसा प्रयत्नही केला होता. फॅराडेचा प्रयोग निराळा होता. पण छापतांना त्यानें वुलस्टनचा उल्लेख केला नाहीं, आणि दुसऱ्याची कल्पना उचलल्याची कुजबुज सुरू झाली. रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठीं त्याचें नांव आलें तेव्हां अध्यक्षपदावरील डेव्हीनेंच विरोध केला. तरी १८२४ च्या जानेवारींत त्याची निवड झाली. गुरूचा विरोध शिष्याला किती लागला असेल, याची कल्पना ज्यानें कोणाचें शिष्यत्व मनोभावें केलें आहे त्यालाच करतां येईल. पुढें १८३१ सालीं चुंबकापासून प्रवाह उत्पन्न करून फॅराडेनें या वर्तुळाचा दुसरा अर्धा भागही पुरा केला. तारेभोंवतालची मोकळी जागा रिकामी नाहीं, ती चुंबकाच्या रेषांनीं भरलेली आहे, हें त्याचें म्हणणें गणितज्ञांना बराच काळ भाबडें वाटलें. मॅक्सवेलनें त्याच भाबड्या चित्राला गणिताची भाषा दिली, आणि आजचें सर्व विद्युच्छास्त्र त्यावर उभें आहे.

तथापि एवढ्यावरून गणिताचा अधिक्षेप करणें आम्हांस मान्य नाहीं. फॅराडेनें पाहिलें, पण मोजलें आंपेरनें व बियोनें. मोजमाप नसतें तर पाहणें कौतुकापुरतें राहिलें असतें. स्टर्जन या पूर्वीच्या शिपायानें १८२५ सालीं नालाच्या आकाराच्या सात औंस लोखंडावर तारेचे १८ वेढे देऊन नऊ पौंड वजन उचललें. अमेरिकेंत जोसेफ हेन्रीनें तारेवर रेशीम गुंडाळून थरावर थर वेढे दिले, आणि १८३१ सालीं त्याच्या एका चुंबकानें २००० पौंडांहून अधिक भार पेलला. तारायंत्र, घंटा, चक्रें, सगळें या वेटोळ्यांतून निघालें. १९४८ पासून २० मे २०१९ पर्यंत ‘अँपियर’ या मापाची व्याख्याच आंपेरच्या त्या दोन समांतर तारांवरून केलेली होती.

या वर्तुळाचा हात आपल्या दारापर्यंतही पोंचला, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाहीं. मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेंत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेतले जात. नाजूक सुया दिवसरात्र टांगलेल्या असत, आणि त्यांचे अत्यंत बारीक फेरफार नोंदले जात. विसाव्या शतकाच्या आरंभीं मुंबईच्या रस्त्यांवर घोड्यांऐवजीं विजेनें ट्राम चालविण्याचें ठरलें. माथ्यावरच्या तारेनें प्रवाह जाणार, आणि रुळांनीं परत येणार. जाणारी व येणारी तार अगदीं लगत असती तर दोघींच्या प्रदक्षिणा उलटसुलट होऊन एकमेकींना पुसून टाकत्या. परंतु रुळांतला प्रवाह जमिनींत पाझरतो आणि दूरदूरच्या वाटांनीं परततो, त्यामुळें ही पुसापुशी पुरी होत नाहीं. हिशेब पाहा: शंभर अँपियरच्या एकट्या लांब तारेचा जोर एक किलोमीटरवरही पृथ्वीच्या जोराच्या सुमारें दोनहजारांश असतो. हा अंश क्षुद्र वाटेल. पण पृथ्वीच्या चुंबकत्वांत दिवसाकाठीं होणारा स्वाभाविक फेरफारही अवघा हजारांशाच्या आसपासचा असतो. म्हणजे ट्रामची ये-जा आणि सूर्याची ये-जा सुईला सारखीच भासली असती.

त्या वेळीं वेधशाळेचे संचालक डॉ. नानाभाई फ्रामजी मूस हे होते. त्या जागेवर आलेले ते पहिले हिंदी गृहस्थ. त्यांनीं समुद्रापलीकडे अलिबाग येथील जागा निवडली, लोखंडाला मज्जाव करून इमारती उभारविल्या, आणि १९०४ ते १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं वेध घेऊन जुन्या मालिकेशीं नव्या मालिकेचा सांधा जुळवून दिला. विजेची पहिली ट्राम मुंबईत ७ मे १९०७ रोजीं धांवली. त्यापूर्वींच सुया मुंबईच्या कुलाब्याहून आंग्र्यांच्या कुलाब्याशेजारीं जाऊन बसल्या होत्या. १८४६ ते १९०५ पर्यंतच्या कुलाब्याच्या नोंदी मूस यांनीं पुढें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या. ट्राम १९६४ सालीं बंद पडली. अलिबागचे वेध अद्याप चालू आहेत. मूस यांनीं कोणताही नवा नियम शोधला नाहीं. पण सरळ तारेचा जोर किती दूर पोंचतो हें त्यांनीं ग्रंथांत वाचून सोडून दिलें नाहीं. तें खरें मानून त्याप्रमाणें वागले. ज्ञान खरोखर आपलें झालें कीं नाहीं, याची आमच्या मतें हीच कसोटी.

आमच्या विद्यालयांतून हा धडा साधारणतः एका तासांत आटोपतो. फळ्यावर तार काढली जाते, तिच्याभोंवतीं वर्तुळ काढलें जातें, आंगठ्याचा नियम सांगितला जातो, आणि मुलें तो उतरून घेतात. त्यांतल्या एकालाही नवल वाटत नाहीं. ज्या आडवेपणानें कुलोमच्या शिष्यांना चकविलें, आंपेरला अस्वस्थ केलें आणि फॅराडेला आनंद दिला, तें परीक्षेच्या उत्तरांत दोन गुणांचें होऊन बसतें. घरीं एखादें साधें होकायंत्र, हातभर तांब्याची तार आणि बॅटरीचा एक सेल एवढें सामान असलें तरी पुरे. तार उत्तरदक्षिण धरून क्षणभरच टोकें जोडावीं, अधिक वेळ जोडल्यास ती तापते. मग तार वर धरून पाहावी, खालीं धरून पाहावी, तिचें वेटोळें करून पाहावें. आणि मुलानें विचारलें कीं, ही सुई तारेकडे न जातां आडवी कां वळते, तर त्याला लगेच नियम सांगण्याची घाई करूं नये. त्याच एका प्रश्नानें यूरोपचे पंडित कित्येक वर्षें जागे राहिले होते. आमच्या मुलांना तो निदान एक संध्याकाळ तरी जागे ठेवूं द्यावा.